‘रमाबाई’ : एक नाव, चार चरित्रे

प्रस्तावना :
व्यक्तिनाम हे ऐतिहासिक व्यक्तीची ओळख पटविण्याचे प्राथमिक साधन होय. मात्र एकच नाव अनेकींनी धारण केले असल्यास तेच साधन संभ्रमास कारणीभूत ठरते. महाराष्ट्राच्या स्त्री-इतिहासातील ‘रमाबाई’ हे नाव याचे ठळक उदाहरण आहे.

चार रमाबाई :
कालक्रमाने पहिल्या रमाबाई या थोरल्या माधवराव पेशव्यांच्या पत्नी. १७७२ मध्ये थेऊर येथे पेशव्यांच्या निधनानंतर त्या सती गेल्या. दुसऱ्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). आईवडिलांकडून संस्कृतचे अध्ययन केलेल्या या विदुषीस १८७८ मध्ये कलकत्त्यात ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देण्यात आल्या. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ स्थापन केले. तिसऱ्या रमाबाई रानडे. पुण्यातील ‘सेवासदन’च्या कार्याला त्यांनी वाहून घेतले, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) हा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ. चौथ्या रमाबाई आंबेडकर (१८९८–१९३५). डॉ. बाबासाहेबांच्या शिक्षणकाळात दारिद्र्य व अपत्यवियोग सोसून त्यांनी संसार सांभाळला. पाकिस्तानविषयक ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला आहे.

नामसाम्याची कारणमीमांसा :
‘रमा’ हे लक्ष्मीचे नाव असल्याने त्याचा प्रसार स्वाभाविक होता. परंतु हे नाव सर्वांना एकाच मार्गाने लाभले नाही. पंडिता रमाबाईंचे नाव जन्मापासूनचे. रमाबाई रानडे मात्र माहेरच्या यमुना. १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या ‘रमा’ झाल्या. डॉ. आनंदीबाई जोशी याही माहेरच्या यमुनाच होत्या, ही बाब लक्षणीय आहे. विवाहसमयी नाव बदलण्याच्या प्रथेमुळे एका यमुनेची रमा झाली, तर दुसरीची आनंदी. अशा वेळी नामसाम्य हा केवळ योगायोग राहत नाही. स्त्रीच्या बालपणीच्या ओळखीवर पडलेला पडदाही त्यातून सूचित होतो.

अभ्यासातील अडचण :
१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या व आर्य महिला समाजाची स्थापना झाली. त्या कार्यात रमाबाई रानडे याही सहभागी होत्या. परिणामी, त्या काळातील पुण्याविषयीच्या लेखनात केवळ ‘रमाबाई’ असा उल्लेख आढळल्यास संदर्भ तपासल्याविना निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. एकीचे भाषण वा कार्य दुसरीच्या नावे नोंदले गेल्यास दोघींवरही अन्याय होतो.

समारोप :
सूची, प्रश्नपत्रिका व शोधनिबंध यांत ‘रमाबाई’ असा मोघम उल्लेख टाळून उपाधी वा आडनाव, जीवनकाल आणि ज्ञात असल्यास माहेरचे नाव नोंदविणे आवश्यक आहे. सती गेलेली पेशवीण, शास्त्रार्थ करणारी विदुषी, संस्था उभारणारी लेखिका व कष्ट सोसणारी सहधर्मचारिणी यांना जोडणारा दुवा नावापुरताच आहे. प्रत्येकीचे चरित्र तिच्या काळाच्या व सामाजिक स्थानाच्या चौकटीत स्वतंत्रपणे अभ्यासले गेले पाहिजे.