जास्वंदीचा खड्डा आणि मावळचा पाऊस

भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी आणि पानशेत ही धरणे ज्या मुलखाच्या पावसावर भरतात, त्या भोर-वेल्ह्याच्या परसात जास्वंद, तगर किंवा अनंत लावू इच्छिणाऱ्या गृहस्थाला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून जे सल्ले मिळतात ते बहुतेक झाडाच्या पोषणाविषयीचे असतात. साचलेले पाणी बाहेर कसे पडावे याची तजवीज क्वचितच कोणी सांगतो, आणि रोपे दगावतात ती मात्र बहुधा त्याच कारणाने.

खड्डा जितका खोल तितके झाड जोमदार, हा सर्वांत रूढ समज. आंब्याफणसासाठीचा हा दस्तूर फुलझुडपाला सरसकट लागू केला जातो. परंतु वर हातभर माती आणि खाली घट्ट मुरूम अशी जेथे जमिनीची ठेवण आहे, तेथे कमरेइतका खणून भुसभुशीत मातीने भरलेला खड्डा आषाढात विहिरीचेच काम करतो; भोवतालचे पाणी त्यात उतरते, मुळांना हवा मिळेनाशी होते आणि ती कुजतात. खड्डा पिशवीतील मातीच्या गड्ड्याइतकाच खोल, पण त्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद असावा. तळाशी विटांचे तुकडे घातल्याने निचरा सुधारतो, हाही भ्रमच. वरची बारीक माती पुरती संपृक्त झाल्यावाचून पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही, त्यामुळे दलदल उलट मुळांच्या अधिक निकट येते. जागेची परीक्षा सोपी आहे. हातभर खड्डा पाण्याने भरावा, जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्या खेपेस तासाला इंचभर पाणी उतरले तर जागा योग्य, दिवसभर तुंबले तर ती सोडावी, किंवा वीतभर उंच वरंबा घालून त्यावर रोप बसवावे.

भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याची इकडे परंपरा असल्याने राख कोणत्याही झाडाला मानवतेच, असे गृहीत धरले जाते. राखेत पालाश असते हे खरे, पण ती अल्कधर्मी असते. घाटमाथ्यालगतच्या, अतिवृष्टीने आम्ल झालेल्या तांबड्या मातीत मूठभर राख बाधत नाही. मात्र पूर्वेकडे जेथे काळ्या मातीत चुनखडी आढळते, तेथे तिच्यामुळे झाडाला लोह मिळणे दुरापास्त होते आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळे पडते. मग झाड उपाशी आहे असे समजून धनी आणखी राख ओततो! शेणखताचेही तसेच: ताजे शेण मुळांना पोळते आणि हुमणीला आमंत्रण देते, म्हणून ते पुरते कुजलेलेच हवे.

मृगाची पहिली सर पडताच रोप लावण्याची घाईही अनाठायी आहे, कारण तेव्हा जमीन वरवर भिजलेली, आत तापलेलीच असते. ती वीतभर खोल ओली झाल्यावर, परंतु मोठ्या झडीपूर्वी लागवड उरकावी. ते न साधल्यास पाऊस ओसरेपर्यंत थांबावे आणि पुढे उन्हाळ्यापर्यंत पाण्याचा बंदोबस्त ठेवावा. कण्हेरीची केवळ फळेच विषारी, असे समजून ती गोठ्यापाशी लावणाऱ्याने मुळापासून पानापर्यंत तिचे सर्वांग विषारी असते हे ध्यानी घ्यावे.

राहता राहिली तोरण्याच्या उतारावरची कारवी. तिचा जांभळा बहर पाहून रोप घरी आणण्याचा मोह अनेकांना होतो; पण ती सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि फुलून, बी धरून मरते. देवपूजेला रोज फूल हवे असेल, त्याने जास्वंदीवरच समाधान मानलेले बरे.