फाटक, मालमोटार आणि आगगाडीचा चालक

वैनगंगेच्या काठी वसलेल्या आरमोरी गावास आगगाडीचा शेजार आजवर लाभला नव्हता. आरमोरीकरास आगगाडी पाहावयाची झाली तर नदीच्या अलीकडे वडसा आणि पलीकडे ब्रह्मपुरी, हीच काय ती जवळची स्थानके. गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे जाणारा हा लोहमार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल-नागपूर रेल्वेने घातला. तेव्हा तो अडीच फुटी अरुंद मार्ग होता. छोटे इंजिन, छोटे डबे आणि बेताची चाल असा सारा कारभार असे. त्या शतकाच्या अखेरीस मार्ग रुंद झाला, पुढे विजेच्या तारा आल्या, आणि आता त्यावरून लांबच लांब मालगाड्या धावतात. गोंदिया-बल्लारशा हा मार्ग दुहेरी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मंजुरी दिली. शिवाय वडसा ते गडचिरोली या सुमारे ५२ किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम चालू असून तो आरमोरी तालुक्यातून जातो.

दुसरीकडे रस्त्यांवरची वाहतूकही तशीच वाढत आहे. धानाची पोती, बांबू आणि सूरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या मालमोटारींनी जिल्ह्याचे रस्ते गजबजले आहेत. जेथे रस्ता रुळांना छेदतो, तेथे या दोन्ही वाहतुकींची गाठ पडते. ही गाठ फाटकाबाहेर उभे राहून पुष्कळांनी पाहिलेली असते. इंजिनात बसलेल्या माणसांना ती कशी दिसते, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

इंजिनाच्या कक्षात दोघेजण असतात, एक चालक आणि दुसरा साहाय्यक चालक. गाडीच्या अगदी शेवटी जो अधिकारी असतो त्यास पूर्वी गार्ड म्हणत. जानेवारी २०२२ पासून त्याचे अधिकृत नाव ट्रेन मॅनेजर असे झाले आहे. चालक व साहाय्यक यांनी प्रत्येक सिग्नल पाहून त्याचा रंग एकमेकांस मोठ्याने सांगावयाचा असतो. एकाची नजर चुकली तरी दुसऱ्याच्या कानावर चूक यावी, हा त्यातील हेतू. फाटक जवळ आले म्हणजे रुळाच्या कडेस एक पिवळा फलक लागतो. त्यावर ‘सी/फा’, म्हणजे ‘सीटी, फाटक’ अशी अक्षरे असतात. साधारणतः तो फाटकाच्या सहाशे मीटर अलीकडे असतो. त्या फलकापासून फाटक ओलांडीपर्यंत शिटी वाजवीत राहावे असा नियम आहे. रात्री-अपरात्री गावाची झोप मोडणारी ती दीर्घ शिटी चालकाच्या हौसेची नसून त्याच्या कर्तव्याची असते.

आता थोडे गणित करून पाहावे. गाडीचा वेग ताशी शंभर किलोमीटर असेल तर ती एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. फलकापासून फाटकापर्यंतचे सहाशे मीटर ती एकवीस-बावीस सेकंदांत संपविते. रात्रीच्या वेळी इंजिनाच्या दिव्याच्या झोतात पुढील दोन-तीनशे मीटरच काय ते स्पष्ट दिसतात. म्हणजे रुळावर काही आडवे आहे हे कळल्यापासून धडक बसेपर्यंत चालकाच्या हाती जेमतेम दहा सेकंद उरतात.

मग ब्रेक लावून गाडी थांबवावी, असे कोणासही सहज वाटेल. परंतु आगगाडी ही मोटारीसारखी थांबत नाही. मोटारीचे रबरी चाक खडबडीत रस्त्यास घट्ट धरून ठेवते. त्यामुळे ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी मालमोटार ड्रायव्हर सावध असल्यास चाळीस-पन्नास मीटरांत उभी राहू शकते. आगगाडीचे पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते आणि या दोहोंमधील घर्षण फारच थोडे असते. म्हणून तर एक इंजिन शेकडो, हजारो टन ओझे ओढू शकते. जो गुण ओढण्यास उपकारक, तोच थांबविण्यास अपकारक. ब्रेक एकदम आवळून चाक जखडले, तर ते फिरावयाचे थांबून रुळावर घसरू लागते. शिवाय ब्रेकची क्रिया नळीतील हवेच्या दाबाने होत असल्याने ती इंजिनापासून शेवटच्या वाघिणीपर्यंत पोहोचण्यास काही सेकंद लागतात. ताशी शंभर किलोमीटरच्या गाडीचा वेग ब्रेकमुळे दर सेकंदास अर्धा मीटर या हिशेबाने कमी होत गेला, तर ती पाऊण किलोमीटरहून अधिक अंतर कापून मगच थांबते. दगडी कोळशाने भरलेली अठ्ठावन्न वाघिणींची मालगाडी चार-पाच हजार टनांची असते. तिचा वेग कमी असला तरी तिला आवरणे काही सोपे नसते.

यावरून एक गोष्ट उघड होते. दिसते पाव किलोमीटर आणि थांबावयास लागतो पाऊण किलोमीटर. मधल्या अंतराचा मेळ जगातील कोणताही कुशल चालक घालू शकत नाही. त्यास आपली गाडी बाजूस वळविता येत नाही, मागे घेता येत नाही. तो ब्रेक लावतो, शिटी दाबून धरतो आणि पाहत राहतो. फाटक आगगाडीला मान देण्यासाठी बांधलेले असते अशी पुष्कळांची समजूत आहे, पण ती खरी नाही. थांबण्याचे सामर्थ्य दोघांपैकी ज्याच्याजवळ आहे, त्यानेच थांबावे, एवढाच फाटकाचा अर्थ आहे.

मालमोटारीचा ड्रायव्हर हे जाणत नसतो असे नाही. तथापि त्याचे डोळे त्यास फसवितात. प्रचंड आकाराची वस्तू समोरून येताना आहे त्यापेक्षा सावकाश येत आहे असे मानवी दृष्टीस भासते. रेल्वे फाटकांवरील अपघातांचा विचार करताना अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लायबोविट्झ यांनी १९८५ साली या भ्रमाकडे लक्ष वेधले होते. विमानतळावर उतरणारे मोठे विमान लहान विमानापेक्षा मंद वाटते, तसाच हा प्रकार. त्यात गाडी सरळ रेषेत आपल्याकडे येत असेल, तर तिचा आकार प्रथम हळूहळू आणि मग एकाएकी वाढतो. ड्रायव्हरास वाटते, अजून पुष्कळ अवकाश आहे. इकडे भरलेली मालमोटार पहिल्या गियरमध्ये, उंचसखल रुळांवरून, माणसाच्या झपाट्याच्या चालीहून थोड्याच अधिक वेगाने निघते. तिची स्वतःची लांबी व रुळांची रुंदी धरून वीस-पंचवीस मीटरांचा हा प्रवास दहा-बारा सेकंदांचा होतो. मधेच इंजिन बंद पडले, तर सारा हिशेब तेथेच संपतो.

महाराष्ट्राने याची किंमत मोजलेली आहे. ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हान येथे बिनराखणीच्या फाटकावर लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीस आगगाडीची धडक बसली आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणास मुकली. अशा दुर्घटना देशात अन्यत्रही घडत राहिल्या. अखेर जानेवारी २०१९ पर्यंत रुंद मार्गावरील सर्व बिनराखणीची फाटके रेल्वेने नाहीशी केली. कोठे पहारेकरी नेमला, कोठे भुयारी मार्ग वा उड्डाणपूल बांधला, कोठे फाटकच बंद करून टाकले.

इतके झाल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता. तो पुरता मिटला नाही, हे जळगाव जिल्ह्यातील बोदवडने दाखविले. १४ मार्च २०२५ च्या पहाटे तेथे मुंबई-अमरावती एक्स्प्रेसची धान्याने भरलेल्या ट्रकशी टक्कर झाली. त्या ठिकाणचे फाटक कायमचे बंद झालेले होते आणि वाहनांसाठी उड्डाणपूल तयार होता. असे असूनही ट्रक त्या जुन्या वाटेने रुळांवर आला. सुदैवाने कोणाचा प्राण गेला नाही. परंतु इंजिनात ट्रक अडकला, वरच्या विजेच्या तारांची हानी झाली आणि वाहतूक काही तास खोळंबली. पूल बांधल्याने अपघाताचे कारण दूर होते, पण जुन्या वाटेची सवय तेवढ्याने जात नाही, असेच या घटनेवरून म्हणावे लागते.

येथे एका गोष्टीचा उल्लेख न करणे अन्यायाचे होईल. दोष नेहमी रस्त्यावरच्याच माणसाचा असतो असे नाही. काही फाटके सिग्नलाशी जोडलेली असतात. फाटक बंद होऊन त्यास कुलूप लागल्याखेरीज गाडीस हिरवा दिवा मिळतच नाही, अशी तेथील यंत्रणा असते. जेथे अशी जोडणी नाही, तेथे स्टेशनमास्तर व फाटकवाला यांच्यातील दूरध्वनीवरील बोलण्यावर सारी भिस्त असते. ८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूतील कडलूर जिल्ह्यात अशाच एका न जोडलेल्या फाटकावर शाळेच्या गाडीस आगगाडीने ठोकरले व तीन विद्यार्थी दगावले. तेव्हा यंत्राची जोड आणि माणसाची सावधगिरी या दोन्ही हव्यात. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही.

फाटकाच्या बाबतीत गाडीच्या नोकरवर्गावर जी जबाबदारी असते, तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. फाटकाचा सिग्नल लाल राहिला, तर चालकाने दिवसा एक मिनिट व रात्री दोन मिनिटे थांबावे, मग शिटी वाजवीत अत्यंत सावकाश फाटकापर्यंत जावे. फाटकवाला जागेवर नसेल तर साहाय्यकाने स्वतः खाली उतरून फाटक लावावे, असा नियम आहे. अपघात झालाच, तर जखमींकडे धावण्याबरोबर त्यांना आणखी एक काम तातडीने करावे लागते. शेजारच्या रुळावरून दुसरी गाडी येत असेल, तर ती अडविली पाहिजे. इंजिनावरचा लुकलुकणारा पिवळा दिवा लावून हाती लाल निशाण घेऊन एकाने पुढे धावावयाचे. सहाशे मीटरवर एक आणि बाराशे मीटरवर दहा-दहा मीटरांच्या अंतराने तीन फटाके रुळावर बसवावयाचे. चाकाखाली ते फुटले म्हणजे येणारा चालक सावध होतो. ज्या माणसाने क्षणापूर्वी डोळ्यांदेखत टक्कर पाहिली, त्याच माणसाने हे अंतर थरथरत्या पायांनी धावून काढावयाचे असते.

कायदाही याविषयी स्पष्ट आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाच्या १६० व्या कलमान्वये बंद फाटक उघडणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत व ते मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे १३१ वे कलम तर मोठे व्यवहारी आहे. बिनराखणीच्या फाटकापाशी ड्रायव्हराने गाडी उभी करावी, क्लीनराने अथवा अन्य माणसाने पायी रुळापर्यंत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी येत नाही याची खात्री करून घ्यावी आणि मग मोटारीस पलीकडे न्यावे. सोबत कोणी नसेल तर ड्रायव्हराने स्वतः उतरावे, असे ते सांगते. रुंद मार्गावर अशी फाटके आता उरली नसली, तरी त्यातील सुज्ञपणा जुना झालेला नाही.

मालमोटार रुळावर अडकलीच, तर काय करावे हेही माहीत असणे इष्ट. प्रथम आतील सर्व माणसांनी खाली उतरून रुळांपासून दूर जावे. माल वा मोटार वाचविण्याच्या नादात कोणी आत राहू नये. लागलीच फाटकवाल्यास कळवावे, कारण त्याच्यापाशी स्टेशनाशी बोलण्याचा दूरध्वनी, लाल निशाण आणि फटाके असतात. तो जवळ नसेल, तर एकाने रुळाच्या कडेकडेने, गाडी येण्याच्या दिशेस जमेल तितके पुढे जाऊन लाल कापड अथवा रात्री दिवा जोराने हलवावा. फाटकाच्या जवळ उभे राहून केलेल्या खुणेचा काही उपयोग नाही. मघाचा पाऊण किलोमीटर येथे आठवावा. विजेच्या तारा डोक्यावर असतील, तर मोटारीवरील मालाच्या ढिगावर कोणी चढू नये. त्या तारांत पंचवीस हजार व्होल्टचा प्रवाह असतो आणि स्पर्श न होताही तो माणसास ओढून घेतो.

अशा अपघाताच्या बातमीत मृतांचा व जखमींचा आकडा येतो, गाड्या किती तास अडल्या हे येते. चालकाविषयी बहुधा एकच वाक्य असते, ते म्हणजे तो सुखरूप आहे. परंतु ते दहा सेकंद त्याने काचेमागे बसून पाहिलेले असतात. समोरच्या माणसाचा चेहराही कधी कधी त्यास दिसलेला असतो. आपण काही अधिक करू शकलो असतो काय, हा प्रश्न त्याच्या मनातून सहजी जात नाही, आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे असले तरी त्याने समाधान होत नाही. पुन्हा कामावर रुजू झाल्यावर तोच पिवळा फलक, तीच शिटी आणि तेच फाटक त्याच्या वाट्यास येते.

शहरातील सुशिक्षित कुटुंबाचा या साऱ्याशी संबंध नाही असे कोणास वाटेल. फाटक बंद असताना पुढच्या मालमोटारीच्या मागे उभी असलेली आणि सतत कर्णा वाजविणारी मोटार पुष्कळदा अशाच कुटुंबाची असते. तिच्या रेट्याने पुढचा ड्रायव्हर उतावळा होतो. घरी येणारे धान्य व सामान आजच्या आज हवे असा जो हट्ट, तोही अखेर त्याच ड्रायव्हराच्या पाठीवर जाऊन बसतो. आरमोरीच्या परिसरात तर रुळांचा शेजार नव्यानेच येत आहे. नव्या मार्गावर शक्य तेथे फाटकाऐवजी पूल वा भुयारी मार्ग बांधण्याचे धोरण असले, तरी पावसाळ्यात भुयारात पाणी साचले की लोक रुळांवरून वाट काढू लागतात, हे इतरत्र दिसून आले आहे. म्हणून तेथील शाळांतून, बाजारांतून आणि ट्रक उभे राहतात त्या अड्ड्यांवरून, पहिली गाडी धावण्यापूर्वीच हे पाऊण किलोमीटरचे गणित प्रत्येकास शिकविले जावे. फाटकापाशी फार तर पाच-दहा मिनिटे मोडतात. ती वाट पाहण्याची तयारी ठेवली, तर इंजिनातील दोन माणसांस त्या रात्री घरी जाऊन निर्धास्त झोप घेता येईल, आणि मालमोटारीतल्या दोघांसही.