पडद्यावरचा वर्ग (लेखांक ६) : व्हिडिओ संपल्यानंतर

गारगोटी, गडहिंग्लज, मलकापूर, कागल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजाराच्या गावात एसटी स्टँडवरून चालत निघालं, की एमएस-सीआयटीची पाटी दिसते. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने, म्हणजे आपल्या ओळखीच्या एमकेसीएलने, संगणकाचा हा अभ्यासक्रम २००१ साली सुरू केला. पुष्कळांनी तो नोकरीची अट म्हणून पूर्ण केला आणि सर्टिफिकेट फाइलला लावून टाकलं. ऑनलाईन शिक्षणाच्या चर्चेत त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि मला ते खटकतं. कारण जगभरच्या संशोधनातून आज जे निघतं आहे, त्यातलं बरंच काही या केंद्रांत फार आधीपासून चालू होतं. बॅचची वेळ ठरलेली, मशीन ठरलेलं, समोर ‘ईरा’ प्रणालीवरचा धडा, आणि अडलं की ज्याला हाक मारता येईल असा एक शिक्षक त्याच खोलीत.

गेल्या आठवड्यात आपण केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या मंचावर आणि आयआयटींच्या एनपीटीईएलवर काय काय उपलब्ध आहे ते पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. इतकं सगळं हाताशी असताना लोक सुरू करून मध्येच का सोडतात?

हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांच्या खुल्या ऑनलाईन अभ्यासक्रमांची २०१२ ते २०१८ या काळातली आकडेवारी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे यांनी तपासली आणि २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. ५६ लाखांहून जास्त शिकणारे आणि सव्वा कोटीहून जास्त नोंदण्या, एवढा तो पसारा होता. नोंदणी केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांनी अभ्यासक्रम एकदाही उघडला नव्हता. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण सव्वातीन टक्क्यांच्या आतच राहिलं. सहा वर्षं सुधारणा होत राहिल्या, तंत्र बदललं, तरी हा आकडा काही वर सरकला नाही. शिवाय शिकणारे बहुतांशी सधन देशांतलेच होते. जगातला उत्तमातला उत्तम प्राध्यापक फुकट मिळाला की गरिबाघरचं मूल आपोआप शिकेल, ही आशा त्या आकड्यांत टिकली नाही.

यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं, ‘पोरांना चिकाटी नाही.’ हे उत्तर मला मान्य नाही. चिकाटी कमी पडत असेलही, पण ती टिकावी अशी सोय आपण केली का, हे आधी विचारायला हवं.

आता धड्याच्या आत काय घडतं ते पाहू. एडएक्स या ऑनलाईन अभ्यासक्रमांच्या मंचावरच्या व्हिडिओंची ६९ लाख सत्रं फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासली. व्हिडिओ कितीही लांब असो, प्रेक्षक साधारण सहा मिनिटांपर्यंतच त्यात रमतो, असं त्यांना २०१४ साली दिसलं. मग सगळीकडे छोट्या व्हिडिओंची लाट आली. पण व्हिडिओ छोटा केला म्हणजे शिकणं झालं, असं होत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केनेथ कोएडिंगर यांच्या गटाने मानसशास्त्राच्या एका ऑनलाईन अभ्यासक्रमात कोण किती बघतो, किती वाचतो आणि किती प्रश्न सोडवतो याची नोंद काढली. शिकण्याशी सराव करण्याचा जो संबंध दिसला, तो नुसतं बघण्या-वाचण्याच्या मानाने सुमारे सहापट होता. हे २०१५ सालचं काम आहे.

त्याहून जुना प्रयोग रोडिगर आणि कार्पिके यांचा, २००६ सालचा. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तेव्हा चित्र उलटलं. लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. व्हिडिओ दोनदा बघून ‘समजलं बुवा’ असं वाटतं ना, ते पहिल्या पाच मिनिटांतलं समाधान असतं. परीक्षेच्या आदल्या रात्री वेग वाढवून व्हिडिओ पळवणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा प्रयोग सांगायला हवा.

ही सगळी समज एकत्र बांधून अभ्यासक्रम कसा रचावा, याचा नमुना आपल्याच राज्यात तयार झाला आहे. आयआयटी मुंबईत साहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिकणाऱ्याला मध्यभागी ठेवणारी एक रचना मांडली. तिच्यात व्हिडिओ सलग चालत नाही. मध्येच थांबवून विचार करायला लावतो, शिकणाऱ्याने उत्तर लिहायचं आणि मगच पुढे जायचं. मग लगेच सराव, आणि चुकलं तर का चुकलं हे सांगणारा प्रतिसाद. पुढे ज्याला खोलात जायचं त्याला वेगळी वाट, आणि शिकणाऱ्यांच्या आपसातल्या चर्चेलाही अभ्यासाइतकंच स्थान. त्याच संस्थेत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्पही इथे आठवतो. साधारण दहा मिनिटांचा धडा, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज, आणि स्क्रीनच्या एका बाजूला धडा चालू असताना दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करून बघायचं. इंग्रजी ऐकून दडपून जाणाऱ्या मुलाला तिथे भाषेची भीती राहत नाही, आणि हात रिकामे ठेवायचीही मुभा नाही.

धड्याची रचना सुधारली तरी एक गोष्ट उरते, आणि ती कोल्हापूरकरांना कुणी वेगळी शिकवायला नको. राजाराम कॉलेज एकोणिसाव्या शतकात, १८८० साली उभं राहिलं होतं. वर्ग होते, प्राध्यापक होते. तरी खेड्यातला मुलगा तिथवर पोहोचत नव्हता, कारण शहरात राहायचं कुठे, जेवायचं कुठे, अभ्यास कुणाच्या सोबतीने करायचा? राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून सुरुवात केली, आणि पुढच्या काळात जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग उभी राहिली. शिकवण्याची सोय आणि शिकण्याची सोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं. ऑनलाईन शिक्षणाने पहिली सोय घराघरांत नेली. दुसरीची जबाबदारी मात्र कुणीच घेतलेली नाही. दोन खोल्यांच्या घरात, टीव्ही चालू असताना, घरातल्या एकुलत्या फोनवर, रात्री दहानंतर शिकायचं. मग सव्वातीन टक्क्यांचं आश्चर्य कशाला वाटावं?

दूरशिक्षणाच्या जुन्या संस्थांनी ही दुसरी सोय सोडली नव्हती. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं, तेव्हापासून तिथे प्रत्येक विद्यार्थ्याला स्वाध्याय तपासून शेरे लिहिणारा शिक्षक नेमलेला असतो. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळापासून त्याची घडी बसली ती स्वयं-अध्ययनाची पुस्तकं आणि गावोगावची अभ्यासकेंद्रं या जोडीवर. रविवारच्या संपर्क सत्राला येणारी गृहिणी किंवा पोलीस शिपाई केवळ धडा ऐकायला येत नसे. आपल्यासारखे आणखी चारजण आहेत, हे तिथे दिसत असे.

आज शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण व ऑनलाईन शिक्षण केंद्र आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमांनी मान्यताप्राप्त ऑनलाईन पदवीला नेहमीच्या पदवीच्या बरोबरीने आणलं आहे. २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करून त्यांचे श्रेयांक घेता येतात. कागदावर दार उघडं आहे. ‘स्वयम्’च्या रचनेत व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन असे चार भाग ठरवून दिलेले आहेत. त्यातला चर्चेचा भाग सर्वांत दुबळा राहतो, असं माझं मत आहे. ती पोकळी दिल्लीहून भरणार नाही, ती महाविद्यालयातच भरावी लागेल.

आणि कारखान्यात? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले, आणि मूळचं शिवाजी उद्यमनगर. या पट्ट्यात फौंड्रीचं काम पिढ्यान्‌पिढ्या मेस्त्रीच्या हाताखाली शिकलं गेलं. वाळूची ओल मुठीत दाबून ओळखायची, वितळलेल्या धातूचा रंग बघून ओतायचं. ही विद्या खरी आहे आणि ती व्हिडिओत मावत नाही. पण कास्टिंग आतून पोकळ का निघालं, याचं उत्तर मुठीतून मिळत नाही. धातू निवताना आकसतो. जो भाग सर्वांत शेवटी निवतो तिथे भर घालायला पातळ धातू उरला नाही, तर पोकळी राहते. म्हणून हा पातळ धातू पुरवणारा फीडर नेमका कुठे आणि केवढा ठेवायचा, यावर रिजेक्शन ठरतं.

आयआयटी मुंबईत डॉ. बी. रवी यांच्या गटाने याच विषयासाठी ‘ई-फाउंड्री’ हा मोफत ऑनलाईन उपक्रम उभा केला. त्यात कास्टिंगच्या रचनेचे धडे आहेतच, शिवाय आपल्या भागाचं त्रिमितीय मॉडेल चढवून तो कुठे शेवटी निवेल हे सिम्युलेशनने बघायची सोयही केली गेली. महागडं सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या लहान कारखान्यांचा यात आधी विचार होता. कोल्हापूरसारख्या गावासाठी याहून नेमकं साधन मला दुसरं दिसत नाही.

पण हे साधन सुपरवायझरच्या फोनवर लिंक पाठवून रुजणार नाही. शिफ्ट संपवून घामाने निथळणारा माणूस घरी जाऊन फीडरचा धडा बघेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. शिफ्टमधलाच अर्धा तास द्यावा. कालच्या रिजेक्शनमधला एक तुकडा कापून टेबलावर ठेवावा. धड्याचा दहा मिनिटांचा भाग बघावा, थांबवावा, आणि पोकळी इथेच का आली हे प्रत्येकाने आधी स्वतः सांगावं. मग सिम्युलेशन उघडावं. शेजारी जुना मेस्त्री बसलेला असावा, कारण पडद्यावर जे दिसतं आणि भट्टीपाशी जे घडतं त्यातला फरक तोच सांगू शकतो. मोठ्या कंपन्यांत ऑनलाईन प्रशिक्षण म्हणजे वर्षाअखेरीला ‘पूर्ण’ असा हिरवा शिक्का मिळवायची स्लाइड होऊन बसलं आहे. त्या शिक्क्याने एकही रिजेक्शन कमी होत नाही. कास्टिंग किती वाचली हेच शिकण्याचं माप धरावं.

महाविद्यालयांकडे माझं मागणं याहून मोठं नाही. वेळापत्रकात ‘स्वयम्’साठी आठवड्याला दोन तास छापून द्या. संगणक प्रयोगशाळा संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवा. आणि प्रत्येक वीस-पंचवीस विद्यार्थ्यांमागे एका शिक्षकाचं नाव फलकावर लावा, त्या कामाचे तास त्याच्या कार्यभारात धरून. ग्रामपंचायतींच्या अभ्यासिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांनी भरलेल्या असतातच. तिथल्या एका कोपऱ्यात चार हेडफोन आणि चांगलं वाय-फाय आलं, तर भुदरगड-आजऱ्यातल्या मुलीला कोल्हापूरला खोली करायची गरज उरणार नाही.

तुम्ही स्वतः एखादा ऑनलाईन अभ्यासक्रम करत असाल, तर या आठवड्यात एवढं करा. एक सोबती शोधा, वार आणि वेळ ठरवा, आणि प्रत्येक व्हिडिओनंतर फोन उलटा ठेवून आठवेल ते वहीत लिहा. पुढच्या लेखांकात ऑनलाईन परीक्षेकडे वळू.