कोळेरोगाची लढाई मृगाआधीच

सुपारीच्या बागायतदाराला पावसाची ओढही असते आणि धास्तीही. पाऊस लागून पंधरा-वीस दिवस झाले, की झाडाखाली हिरवी, कोवळी सुपारी पडू लागते. उचलून पाहावी तर देठाकडे पाण्याने भिजल्यासारखा गडद डाग, आणि टोपी मात्र वर घडालाच राहिलेली. पडलेल्या सुपारीवर पुढे पांढरी बुरशी चढते. हाच कोळेरोग. नाव ऐकून काही जण जाळे विणणाऱ्या कोळ्याला दोष देतात! आपल्या घरांत दोन्ही भाषा नांदतात, त्यामुळे उलगडा सोपा आहे. कन्नडमध्ये ‘कोळे’ म्हणजे कुजणे.

शिरसी-सिद्धापूरच्या तोटांपासून गोव्यातल्या कुळागरांपर्यंत हा रोग ठाऊक आहे. फायटोफ्थोरा नावाचा बुरशीसारखा जीव त्याच्या मुळाशी असतो. दमट हवा, गारवा आणि मधूनच ऊन, मधूनच सर असे वातावरण त्याला मानवते. पावसाच्या थेंबांच्या उडण्याबरोबर तो एका घडावरून दुसऱ्या घडावर जातो. म्हणून शेजाऱ्याची न फवारलेली बाग हा आपलाही प्रश्न असतो. रोग शेंड्यात शिरला तर झाडच जाते.

जुनी माणसे सुपारीच्या विरीची ‘कोट्टे’ करून घडांवर बांधत, म्हणजे घडाला छत्रीच. पुढे लेस्ली कोलमन हे कॅनडाचे शास्त्रज्ञ १९०८ साली म्हैसूर संस्थानात आले. त्यांनी या रोगाचा अभ्यास केला आणि बोर्डो मिश्रणाची फवारणी सुचवली. हे मिश्रण मूळचे फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतले. रस्त्याकडेच्या वेलींवर चोरांना भिववण्यासाठी मोरचूद आणि चुना शिंपडत, त्याच वेली रोगातून वाचल्या, हे मिलार्दे यांच्या लक्षात आले. त्यांनी १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले.

एक टक्क्याच्या मिश्रणासाठी एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात विरघळवावे. एक किलो चुना दुसऱ्या पन्नास लिटरमध्ये कालवावा आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नकोत. मग स्वच्छ सुरी मिश्रणात बुडवून पाहावी. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी घालावा. केलेले मिश्रण त्याच दिवशी संपवावे, शिळे निरुपयोगी.

औषध स्वस्त आणि जुने आहे, तरी पीक जाते. माझ्या मते याचे मुख्य कारण वेळ हे आहे. पहिली फवारणी मृगाच्या आधी व्हायला हवी आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, उघडीप साधून. पण झाडावर चढणारा कोनेगौडा आता सहज मिळत नाही. मोठ्या बागा आधी उरकतात आणि दोन-चार गुंठेवाल्याची पाळी येईस्तोवर पाऊस सुरू झालेला असतो. मग लोक मिश्रणालाच नावे ठेवतात. अलीकडे कार्बन फायबरची लांब ‘दोटी’ आली आहे. तिने जमिनीवरूनच फवारता येते. ती एकट्याला महाग पडते, पण चार-पाच घरांनी मिळून घेतली तर पाळीची वाट पाहावी लागत नाही.

गळलेली सुपारी मात्र रोजच्या रोज वेचून जाळावी. हे काम घरातली म्हातारी माणसेही करू शकतात, आणि बहुतेक घरांत तीच करतात. झाडावर वाळून राहिलेले जुने घड पावसापूर्वी उतरवायला विसरू नये. रोग तिथेच दबा धरून असतो.