धानोऱ्याहून समुद्र : मुलाबाळांसह सहलीचा व्यापारी हिशेब

धानोरा, मुरूमगाव, गडचिरोली या पट्ट्यातील आमच्या दुकानदार बांधवांना मुंबई नवी नाही. खरेदीसाठी नागपूरच्या इतवारी-गांधीबागेच्या पुढे जाणारा माणूस मंगलदास मार्केट आणि क्रॉफर्ड मार्केट पाहून येतोच. तो मोहम्मद अली रोडला मुक्काम करतो आणि वेळ मिळाला तर हाजीअलीला फातेहा पढून येतो. म्हणजे घरच्या कर्त्या पुरुषाचा समुद्र पाहून झालेला असतो. बायको आणि मुलांनी मात्र तो पडद्यावरच पाहिलेला असतो. ‘पुढच्या वर्षी नेऊ’ असे म्हणता म्हणता मुलगा दहावीला येऊन बसतो आणि मग क्लास, परीक्षा, कॉलेज सुरू होते. सहल राहून जाते ती राहूनच जाते.

विचारले तर उत्तर ठरलेले असते : समुद्र लांब आहे आणि दुकान बंद ठेवता येत नाही. या दोन्ही गोष्टी आम्ही तपासून पाहिल्या. दोन्ही अर्ध्याच खऱ्या आहेत.

समुद्र म्हटले की आपले तोंड सवयीने पश्चिमेकडे वळते, कारण आपण महाराष्ट्रात राहतो आणि आपला माल मुंबईहून येतो. पण नकाशा उघडून धानोऱ्यावर बोट ठेवा. बंगालचा उपसागर अरबी समुद्रापेक्षा कितीतरी जवळ आहे. बल्लारशाहहून मुंबई रेल्वेने नऊशे कि.मी.च्या घरात पडते. त्याच बल्लारशाहहून काझीपेठ-विजयवाडा मार्गे आंध्रातील बापटला किंवा चिराला ही समुद्रकाठची गावे साडेपाचशे कि.मी.च्या आत आहेत. चेन्नईकडे जाणाऱ्या गाड्यांचा हाच मार्ग असल्याने एका रात्रीत तिथे पोहोचता येते. चिराला हे नाव कापडवाल्यांना हातमागामुळे माहीत असेल. तिथून जवळच वोडरेवूचा किनारा आहे, तर बापटल्याजवळ सूर्यलंकेचा.

दुसरा रस्ता गोंदियाचा. वडसा-अर्जुनीवरून गोंदिया गाठावे. तिथे विशाखापट्टणमला जाणारी समता एक्सप्रेस मिळते. ती रायपूर, टिटलागढ, रायगडा या मार्गाने जाते. अंतर सातशे कि.मी.च्या आसपास आहे. गाडी रोज नसते, म्हणून आधी तिचे वार पाहावेत. विशाखापट्टणम मोठे शहर असल्याने लहान मुले बरोबर असताना दवाखाना, दूध, हलाल जेवण यांची चिंता तिथे कमी. किनाऱ्यावर कुरसुरा ही नौदलाची पाणबुडी उभी आहे. २००१ साली ती सेवेतून निवृत्त झाली आणि २००२ पासून तिचे संग्रहालय झाले. मुलांना तिच्या आत फिरता येते आणि पाच वर्षांच्या पोराला दिवसभर बोलायला तेवढे पुरते. बंदराजवळच्या टेकड्यांपैकी एकीवर हजरत इसहाक मदनी यांचा दर्गा आहे, शेजारच्या दोघींवर चर्च आणि मंदिर.

भाषेची अडचण सांगितली जाते. सिरोंचाकडे येणेजाणे असलेल्यांना तेलुगू कानावर नवी नाही आणि आंध्रातील मुस्लिम मोहल्ल्यांत आपल्या उर्दूवर काम भागते. ज्यांना मराठी मुलूखच हवा त्यांनी कोकणात मुरूड, श्रीवर्धन किंवा दापोली-हर्णै जरूर पाहावे. कोकणी मुस्लिम वस्ती, तिथले जेवण आणि जंजिरा किल्ला हे सगळे पाहण्यासारखेच आहे. मात्र मुंबईला उतरून पुढे अर्ध्या दिवसाचा रस्ता उरतो. तीन वर्षांच्या मुलाला घेऊन पहिल्या खेपेला हा प्रवास करू नये, असे आमचे मत.

येथे आणखी एक मत नोंदवतो, कुणाला पटो न पटो. माल खरेदी आणि सहल एकत्र करू नका. ‘मुंबईला जातोच आहे, घरच्यांनाही नेतो’ हा बेत कागदावर स्वस्त दिसतो. प्रत्यक्षात बाप दिवसभर गाळ्यांत भाव करीत फिरतो आणि आई दोन पोरांना घेऊन लॉजच्या खोलीत बसते. संध्याकाळी थकलेला बाप त्यांना चौपाटीवर तासभर उभे करून आणतो. खर्च पुरा होतो, सहल होत नाही.

आता दुकानाकडे वळू. आपल्याकडची बाजारपेठ आठवडी बाजारावर चालते. खेड्यांतला ग्राहक बाजाराच्या दिवशी येतो. मधल्या दिवसांत जी विक्री होते तिचा आकडा बहुतेकांना तोंडपाठ नसतो, कारण तो वेगळा काढलेलाच नसतो. तो काढा. बाजाराच्या रात्री दुकान आवरून दुसऱ्या दिवशी सकाळी निघालेले कुटुंब पुढच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी घरी येऊ शकते. मध्ये पूर्ण सहा दिवस मिळतात. जायला-यायला साडेतीन धरले तरी अडीच दिवस किनाऱ्यावर राहतात आणि लहान मुलांना एवढे पुष्कळ झाले.

तोटा मोजतानाही आपले बांधव गल्ला मोजतात, नफा नाही. समजा, मधल्या दिवसांचा रोजचा गल्ला ५,००० रुपये आणि त्यात सुटणारा नफा शेकडा १२. म्हणजे रोजचे ६०० आणि सहा दिवसांचे ३,६०० रुपये. तीस हजारांचे नुकसान झाले, असे जे मनात येते ते खरे नाही. शिवाय थोडाफार ग्राहक थांबतो आणि बाजाराच्या दिवशी तीच वस्तू घेतो. आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाने आपली वही उघडून आपले घालावेत.

कारागिराचे गणित वेगळे आहे, हे कबूल केले पाहिजे. दर्जी, गॅरेजवाला, वेल्डर, सुतार यांचा हात थांबला की त्या दिवसाची सगळीच मजुरी जाते. त्यांच्यासाठी एकच उपाय : महिनाभर आधी ग्राहकांना तारीख सांगणे, त्या सहा दिवसांतले वायद्याचे काम न घेणे आणि पैशासाठी पाच-सहा घरांची भिशी धरणे. भिशीत व्याज नाही आणि आपला नंबर केव्हा हे आधी ठरवता येते. सहलीसाठी व्याजाचा पैसा उचलू नये आणि मालाच्या भांडवलात हात घालू नये, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

खरा पेच महिन्याचा आहे. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पण तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. गावागावांत पैसा येतो तेव्हा धानोऱ्याचा दुकानदार गावाबाहेर जाणार नाही आणि जाऊही नये. जून ते सप्टेंबर दोन्ही किनाऱ्यांवर समुद्र खवळलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत पूर्व किनाऱ्यावर वादळांचे दिवस असतात. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी हुदहुद वादळ विशाखापट्टणमवरच आदळले होते. डिसेंबरपर्यंत हा धोका थोडाबहुत राहतो. उरतात जानेवारी-फेब्रुवारी. हवा बरी असते, समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो आणि धानाच्या पैशाची खरेदी आटोपून लग्नसराई भरात यायची असते. या दिवसांत शाळेला सुट्टी नाही, हे खरे. पण बालवाडीतले किंवा दुसरीतले मूल चार-पाच दिवस शाळेत गेले नाही तर काही अडत नाही. आठवीत ते अडते. म्हणूनच मूल लहान असताना जावे, मोठे होण्याची वाट पाहू नये.

त्यात आता चांदाचा हिशेब घाला. रमजान ईद २०२४ साली ११ एप्रिलला आणि २०२५ साली ३१ मार्चला झाली. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. या हिशेबाने २०२८ चा रमजान जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल, २०२९ चा जानेवारीच्या मध्यास आणि २०३० चा पहिल्या आठवड्यात. चांद दिसण्याप्रमाणे एखादा दिवस इकडेतिकडे. म्हणजे २०२७ पर्यंत जानेवारीचा पहिला पंधरवडा मोकळा आहे, फक्त दर्जी बांधवांनी २०२७ मध्ये शाबानची गर्दी धरून चालावे. पुढची दोन-तीन वर्षे जानेवारी हातातून जाईल. तेव्हा सहल ईदनंतरच्या आठवड्यात न्यावी : २०२८ ला फेब्रुवारी संपता संपता किंवा मार्चच्या सुरुवातीला, २०२९ ला फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. ईद झाली की कापड, चपला, शिवण, सगळीकडे मंदीच असते. दुकान बंद ठेवायला त्याहून चांगला आठवडा नाही.

आता पाण्याविषयी. आपली मुले कठाणीच्या पात्रात आणि नाल्यात खेळलेली असतात, म्हणून पालक निर्धास्त असतात. नदी एकाच बाजूला ओढते. समुद्राची लाट पुढे ढकलते आणि परतताना पायाखालची वाळू घेऊन आत ओढते. जिथे लाट फुटत नाही आणि पाणी शांत, गडद दिसते ती जागा सुरक्षित वाटते, पण बहुधा तिथूनच पाणी आत परतत असते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे सरळ पोहत येण्याची धडपड करू नये. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकावे आणि मग बाहेर यावे. विशाखापट्टणमचा रामकृष्ण बीच फिरायला उत्तम, पण तिथे बुडून माणसे गेलेली आहेत, मुलांना पाण्यात उतरवू नये. शहराच्या उत्तरेस ऋषिकोंडा आहे. त्याला २०२० साली ब्लू फ्लॅग मानांकन मिळाले आणि जीवरक्षक असणे ही त्या मानांकनाची एक अट असते. तरीही नियम एकच : मुलाच्या गुडघ्याच्या वर पाणी नको आणि एका मुलामागे एक मोठे माणूस, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर. दोन मुले आणि पाण्याजवळ एकच मोठे माणूस असेल तर एका वेळी एकच मूल पाण्यात.

घरच्या बायकांनी बुरखा किंवा साडी घालून लाटांत उतरू नये. यात पडदा मोडण्याचा प्रश्न नाही. भिजलेले लांब कापड जड होते, पायांत गुंडाळते आणि पडलेल्या बाईला उठू देत नाही. सैल सलवार-कमीज आणि पक्का बांधलेला ओढणीचा पदर पुरेसा आहे. सकाळी लवकर किनाऱ्यावर गर्दीही नसते.

कोकणात किंवा मुंबईत जाणाऱ्यांनी भरतीची वेळ काढायला शिकावे. हाजीअलीचा रस्ता भरतीला पाण्याखाली जातो हे आपण पाहिलेच आहे. तिकडच्या कोळ्यांचा हिशेब पाऊणकीचा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वा अकराला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजावे. चांदाची तारीख तिथीच्या एखाद-दुसरा दिवस मागे असते, तेवढी भर घालावी. ओहोटी लागल्यावर मुलांना पाण्यातून बाहेर घ्यावे. हा हिशेब पूर्व किनाऱ्याला लागू नाही, तिथे स्थानिक कोळ्यांना विचारावे.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या जिल्ह्यासाठी. महाराष्ट्रात हिवतापाचे सर्वाधिक रुग्ण आढळतात त्या जिल्ह्यांत गडचिरोली आहे. सहलीत किंवा परतल्यावर मुलाला थंडी वाजून ताप आला तर ‘समुद्राचे पाणी बाधले’ म्हणून घरगुती औषध करीत बसू नका. परगावच्या डॉक्टरला आपण गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातून आलो हे आधी सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. त्याला ते आपणहून सुचेलच असे नाही.

शेवटी तिकिटे. रेल्वेचे आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी होत असे, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आले आहे. म्हणजे १० जानेवारीला निघायचे असेल तर ११ नोव्हेंबरच्या सुमारास तिकीट काढायला बसावे, आणि परतीचे आरक्षण खुले होईल त्याच दिवशी तेही काढावे. बाजाराच्या आदल्या दिवशी परत यायचे आहे, ते वेटिंगवर सोडून चालणार नाही. पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतील मुलाला बर्थ नको असेल तर अर्धे भाडे आणि बर्थ हवा असेल तर पूर्ण, असा नियम २०१६ पासून आहे. रात्रीच्या प्रवासात सात वर्षांच्या मुलाचे पूर्ण तिकीट काढावे. अर्ध्या तिकिटात वाचलेले पैसे आईच्या झोपेतून वसूल होतात आणि ती दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पोरांच्या मागे धावू शकत नाही.