लाल पेनापलीकडचा वाचक

'माझा आवडता प्राणी' लिहिणाऱ्या मुलाला एक पक्कं ठाऊक असतं: हे वाचणारं माणूस एकच, आणि त्याच्या हातात लाल पेन. मग गाय येते, तिला चार पाय असतात, पान भरतं. बाईंनाही त्या गाईत नवीन काही नसतं.

मुलांना याहून वेगळा वाचक एका शिक्षकाने मिळवून दिला. दक्षिण फ्रान्समधल्या बार-स्यूर-लू या डोंगरगावात सेलेस्तँ फ्रेने नावाचे प्राथमिक शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झालेली, वर्गात फार वेळ बोललं की दम लागे. म्हणून ते मुलांना घेऊन गावात हिंडत, कधी विणकराकडे, कधी शेतात. परतल्यावर मुलं पाहिलेलं सांगत, ते फळ्यावर उतरे. पण फळा पुसावा लागतोच. 1924 साली फ्रेने यांनी एक छोटं छपाईयंत्रच वर्गात आणलं.

जुना छापखाना पाहिलेल्यांना खिळे जुळवणं म्हणजे काय ते सांगायला नको. एकेक उलटं अक्षर चिमटीत धरून ओळीत बसवायचं. एवढ्या खटाटोपात फालतू शब्द परवडत नाही, मूल आपणहून वाक्य छाटतं. शिवाय चूक राहिली तर ती प्रत्येक प्रतीवर छापली जाते आणि प्रत घरोघर पोचते! लाल पेनाचं निम्मं काम तिथेच होतं.

1926 पासून ही पानं फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाला, ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका शाळेत टपालाने जाऊ लागली. तिकडून समुद्राकाठच्या मुलांचं लिखाण येई. वाचणाऱ्याने आपला डोंगर पाहिलेलाच नाही म्हटल्यावर तो नीट समजावून लिहिणं आलं. माझ्या मते सगळी किमया इथे आहे, यंत्रात नाही.

आपल्याकडे शाळांची हस्तलिखितं निघतात. चांगल्या अक्षराच्या मुलीकडून सगळं उतरवून घेतात, स्नेहसंमेलनात पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं, पुढे ते मुख्याध्यापकांच्या कपाटात. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सत्काराचे फोटो येतात, सूचना येतात. मुलांनी लिहिलेलं तेवढं येत नाही.

आता खिळे लागत नाहीत, एक मोबाइल किंवा पोस्टकार्ड पुरे. भाताची लावणी कशी करतात हे कोकणातल्या मुलाने बीडच्या मुलाला सांगावं, आणि ऊसतोडीला गेल्यावर कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, दिवस कसा जातो हे त्याच्याकडून ऐकावं. बाई, गुरुजी, या जूनमध्ये दुसऱ्या जिल्ह्यातली एक शाळा गाठा. फक्त पहिलं पत्र तुम्ही लिहून देऊ नका.