झिरोचा बल्ब खरोखर शून्य का?

गिरगावातील किंवा लालबागमधील चाळीची एक खोली डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दहा वाजले आहेत, अंथरुणे घातली आहेत. मोठा दिवा बंद होताच धाकटे भावंड कुरकुरू लागते. मग आई भिंतीवरचा चिमुकला दिवा लावते. हाच आपला ‘झिरोचा बल्ब’. आजी म्हणते, “जळू दे रात्रभर, झिरोचाच तर आहे!” काका म्हणतात, “उजेडात झोपवू नका, पोराला चष्मा लागेल.” दोघांचेही म्हणणे आपण तपासून पाहू या.

प्रथम आजीचे म्हणणे घेऊ. दिव्याने प्रकाश द्यायचा, तर ऊर्जा खर्च झालीच पाहिजे. तारेच्या झिरोच्या बल्बला सुमारे १५ वॅट शक्ती लागते. जुन्या मीटरमधील चकती इतक्या लहान भाराने नीट फिरत नसे, म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. आता हिशेब करा. असा दिवा रोज १० तास जळाला, तर १५० वॅट-तास झाले. ३० रात्रींचे झाले ४,५०० वॅट-तास, म्हणजे साडेचार युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी दिवा तेवढ्याच काळात अवघे ०.१५ युनिट घेतो.

याचा पडताळा तुम्ही स्वतः घेऊ शकता. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान दिवा लुकलुकत असतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा, तो ३,२०० आहे. मोठ्या माणसांना सांगून घरातील इतर सर्व उपकरणे थोडा वेळ बंद ठेवा आणि फक्त झिरोचा बल्ब लावा. १५ वॅटच्या भाराला मीटरचा दिवा तासात ४८ वेळा, म्हणजे दर ७५ सेकंदांनी एकदा लुकलुकेल. मीटरला हात मात्र लावायचा नाही, नुसते पाहायचे!

आता काकांचे म्हणणे. १९९९ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी ४७९ मुलांची पाहणी ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध केली. वयाच्या दोन वर्षांपर्यंत अंधारात झोपलेल्या मुलांपैकी १० टक्के, मंद दिव्यात झोपलेल्यांपैकी ३४ टक्के आणि खोलीच्या पूर्ण उजेडात झोपलेल्यांपैकी ५५ टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे लांबचे धूसर दिसण्याचा दोष आढळला. काका जिंकले, असेच वाटते ना?

थांबा. २००० साली याच साप्ताहिकात आणखी दोन गटांनी आपल्या पाहण्या मांडल्या. त्यांना दिवा आणि लघुदृष्टी यांचा संबंध आढळला नाही. उलट असे दिसले, की स्वतःला लघुदृष्टी असलेले आईबाप मुलांजवळ दिवा अधिक ठेवतात. हा दोष आईबापांकडून मुलांकडेही येऊ शकतो. मग दिवा आणि चष्मा एकत्र आढळले, तरी दिव्याने चष्मा लागला असे ठरत नाही. पावसाळ्यात दादरला छत्र्या उघडतात आणि लोकलगाड्याही उशिरा धावतात. छत्र्यांमुळे गाड्या अडल्या, असे आपण म्हणतो का?

म्हणून रात्रीचा उजेड अगदी निरुपद्रवी आहे, असेही नाही. अंधार पडला की शरीरात मेलॅटोनिन हे संप्रेरक वाढते आणि झोपेची तयारी होते. डोळ्यातील काही पेशी प्रकाशाची, विशेषतः निळ्या प्रकाशाची, वर्दी मेंदूला देतात व हे संप्रेरक घटते. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली ३ ते ५ वर्षांच्या मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. झोपण्यापूर्वीच्या तासात ५ ते ४० लक्स एवढा मंद प्रकाश मिळाला, तरी मेलॅटोनिन सरासरी ७८ टक्क्यांनी घटले. एका मेणबत्तीपासून एक मीटरवर सुमारे १ लक्स प्रकाश असतो, हे लक्षात घ्या.

मग धाकट्याला अंधारात रडू द्यायचे का? मुळीच नाही. ‘शांत’ वाटणारा निळा दिवा काढून लाल किंवा नारिंगी एलईडी लावा. तो उशीपासून दूर, जमिनीलगत ठेवा. अंतर दुप्पट केले, की दिव्याकडून थेट येणारा प्रकाश चौथाईवर येतो. दिवा कपाटाआड असला, तर तो डोळ्यांवर थेट पडणार नाही आणि रात्री उठणाऱ्याला वाटही दिसेल.

आज रात्री आपल्या घरातील दिवा किती वॅटचा आहे ते पाहा, महिन्याचा हिशेब मांडा आणि तो आजीला दाखवा. काकांना मात्र छत्र्यांची गोष्ट सांगा!